मृत्यूची घटिका

कमलनगर हे बीदर जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. ह्या मुलखात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत शिवारात एखादे प्रेत आढळले, म्हणजे पंचनाम्याबरोबरच प्रश्न उभा राहतो : मृत्यू केव्हा झाला? संशयित त्या वेळी गावात होता की परगावी, ह्याचा निर्णय पुष्कळदा त्या उत्तरावर अवलंबून असतो.

मृत्यूनंतर देह निवत जातो आणि त्यावरून काही तासांचा हिशेब मांडता येतो. परंतु भोवतालची हवाच देहाहून तप्त असेल, तर हे साधन निरुपयोगी ठरते. ताठरताही उन्हाळ्यात लवकर येते व लवकर ओसरते. त्यानंतर कुजण्याची क्रिया डोळ्यांना दिसू लागते. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस हिरवट डाग उमटतो. कारण तेथे मोठे आतडे त्वचेच्या निकट असते व त्यातील जंतू कामाला लागतात. हा डाग आपल्याकडे उन्हाळ्यात सुमारे १२ ते १८ तासांत, तर हिवाळ्यात एक-दोन दिवसांनी दिसतो. थंड देशांतील आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते ह्यामुळेच.

स्थळाचाही प्रभाव मोठा. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य कास्पर ह्यांनी स्थूल नियम सांगितला : उघड्या हवेत एका आठवड्यात जितके कुजते, तितके पाण्यात दोन आणि जमिनीत पुरल्यास आठ आठवड्यांत कुजते. म्हणजे विहिरीतील आणि बांधावरील प्रेतांना एकच माप लावणे अयोग्य होय.

तज्ज्ञही चुकतात. १९७७ साली अमेरिकेत डॉ. विल्यम बास ह्यांनी एक देह फार तर वर्षभरापूर्वीचा ठरविला. तो निघाला १८६४ साली रणांगणावर पडलेल्या कर्नल शाय ह्यांचा! लेपन केलेला तो देह लोखंडी शवपेटीत टिकून राहिला होता. ह्या चुकीतून बोध घेऊन बास ह्यांनी टेनेसी विद्यापीठात देहाच्या कुजण्याचा प्रत्यक्ष अभ्यास सुरू केला.

तेव्हा प्रेत हलविण्यापूर्वी ऊन की सावली, अंगावरील वस्त्रे, हवेचे तापमान, माश्यांची अंडी, अळ्या व कोष ह्यांची नोंद झाली पाहिजे. माशीची वाढ उष्णतेनुसार ठरत असल्याने दिवसांचा अंदाज तीवरूनही बांधता येतो. तथापि प्रेत घड्याळासारखी वेळ सांगत नाही. ‘अमुक ते अमुक काळाच्या दरम्यान’ एवढेच सांगणारा वैद्य न्यायाला अधिक साहाय्य करतो. नेमका तास ठासून सांगणारा मात्र एखाद्या निरपराध्याला फासापर्यंत नेऊ शकतो.