दान कोणाचे घ्यावे?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सेंट व्हिन्सेंट द पॉल मंडळाच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने गरिबांसाठी जो निधी आपण उभारीत आहोत, त्याच्या हिशेबाची वही गेल्या आठवड्यात मजपुढे आली. तीत एका नावापुढे ‘विचाराधीन’ असा शेरा होता. देणगीदार कोण हे मी येथे सांगणार नाही. त्याचा धंदा कायद्यास मान्य आहे, परंतु लोक त्याचे नाव दबल्या आवाजात घेतात, एवढे सांगणे पुरे. अशा माणसाचे दान धर्मादाय निधीत घ्यावे की नाही, हा प्रश्न समितीने मजकडे सोपविला. उत्तर एका ओळीत देता आले असते. परंतु या प्रश्नापुढे मी पूर्वी एकदा चुकलो आहे. ती चूक आपल्यापुढे मांडल्यावाचून उत्तर देण्याचा मला अधिकार नाही.

दि. २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर जो पाऊस कोसळला तो आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा उपनगरातील एका देवळात सहायक धर्मगुरू होतो. शाळेचे वर्ग निराश्रितांनी भरले होते आणि आमची तरुण मंडळी खिचडीची पातेली घेऊन वस्तीत फिरत होती. चारपाच दिवसांनी एक बाई कचेरीत आली. ती डान्सबारमध्ये नाचत असे, हे साऱ्या वस्तीस ठाऊक होते. तिने मदतनिधीसाठी पाकीट पुढे केले. आत दोन हजार रुपये होते. समितीतील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले की, असला पैसा देवळाच्या निधीत नको, लोक काय म्हणतील? मी ते मान्य केले, व पाकीट परत देण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते सौम्य शब्दांत केले, असे तेव्हा मला वाटले. बाईने ऐकून घेतले व म्हणाली, “फादर, माझ्या खोलीतसुद्धा कमरेइतके पाणी होते. तुमच्या पोरांनी आणलेली खिचडी मी दोन दिवस खाल्ली. घ्यायला मी चालते, मग द्यायला का चालत नाही?”

मला उत्तर सुचले नाही. त्याच ऑगस्टात सरकारने बारमधील नाचावर बंदी घातली. पुढील वर्षी उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मधल्या आठ वर्षांत त्या स्त्रियांची काय दशा झाली असेल ती असो. ती बाई मला पुन्हा दिसली नाही.

आता, दान नाकारणारे सर्वच दांभिक असतात, असे कोणी समजू नये. त्यांची परंपरा प्राचीन आहे. वेश्येची कमाई नवस फेडण्यासाठी परमेश्वराच्या मंदिरात आणू नये, अशी आज्ञा जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात आहे. चौथ्या शतकाच्या सुमारास सिरियात सिद्ध झालेल्या ‘प्रेषितांचे विधी’ या ग्रंथात महागुरूंनी कोणाचे अर्पण घेऊ नये याची लांबलचक यादी आहे. तीत दारूचे गुत्तेवाले व वेश्या आहेत, तसेच विधवांना छळणारे, खोटी मापे वापरणारे आणि निरपराध्यांना तुरुंगात डांबणारेही आहेत. इतकेच नव्हे, तर अशांचा पैसा निरुपायाने घ्यावाच लागला तर त्याची लाकडे व कोळसे घ्यावेत, म्हणजे विधवेच्या व अनाथाच्या मुखी त्यातला घास जाणार नाही, अशी सूचना तेथे दिलेली आहे. या सूचनेमागे गरिबांविषयी केवढा आदर आहे! जो विधवेला लुबाडतो त्याच्याच पैशाने विधवेला जेवू घालणे म्हणजे तिची थट्टा करणे होय.

परंतु त्या यादीत दोन निराळ्या प्रकारची माणसे एकत्र बसविली गेली आहेत. विधवेला लुबाडणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा असतो, तर गुत्तेवाल्याच्या हाती, धंदा कितीही हलका म्हणा, गिऱ्हाइकाने आपखुशीने दिलेला पैसा असतो. हा भेद तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महान सारग्रंथात स्पष्ट केला. अयोग्य मार्गाने आलेल्या धनाचे त्यांनी तीन प्रकार मानले. चोरी, लूट व सावकारी व्याज यांचे धन ज्याचे त्याला परत गेले पाहिजे. त्याचे दान होऊच शकत नाही. पवित्र पदाच्या विक्रीचे धन देणाऱ्यानेही ठेवू नये व घेणाऱ्यानेही ठेवू नये, ते गरिबांना वाटावे. तिसऱ्या प्रकारासाठी त्यांनी वेश्येच्या कमाईचे उदाहरण घेतले. तिचे कर्म त्यांनी निंद्यच ठरविले, तथापि तिला मिळालेला पैसा तिचा आहे व त्यातून ती दानधर्म करू शकते, असा निर्वाळा दिला. वेदीवरील अर्पण मात्र, लोकांत अपसमज होऊ नये म्हणून, त्यांनी वेगळे काढले. ज्या स्त्रीला सारा समाज बहिष्कृत मानीत होता, तिची दानाची पात्रता त्या विद्वान संन्याशाने हिरावून घेतली नाही, हे ध्यानात धरावे.

शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आपणांस पाठ आहे. जकातदाराचा धंदा रोमन सरकारच्या कायद्याने मान्य होता, परंतु लोकांत तो पापी गणला जाई. प्रभू त्याच्या घरी उतरले तेव्हा जक्कयाने आपल्या पैशाचे दोन हिशेब केले. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना आपण फसविले असेल त्यांना चौपट परतफेड. दान वेगळे व देणे वेगळे. त्याच्या धंद्याचे नाव ऐकून त्याचे दान परत पाठवावे, असे प्रभूंनी म्हटले नाही.

अलीकडच्या काळातील एक वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ साली मुंबईत मराठी मिशनचा पाया घातला, त्याच बोर्डाला १९०५ साली तेलसम्राट रॉकफेलर यांनी एक लाख डॉलर दिले. वॉशिंग्टन ग्लॅडन नावाच्या धर्मोपदेशकाने त्यास कडाडून विरोध केला, आणि ‘कलंकित पैसा’ हा शब्द अमेरिकेत घरोघर झाला. पुढे उघड झाले की, ही रक्कम बोर्डानेच मागून घेतली होती! तेल विकणे हा काही निंद्य धंदा नव्हे. ग्लॅडन यांचा आक्षेप होता तो ती संपत्ती ज्या रीतीने जमली त्या रीतीवर. त्यांनी विचारलेला प्रश्न मला योग्य वाटतो. धंद्याचे नाव काय, हे विचारण्याआधी हा पैसा कोणाला नाडून आला, हे विचारावे. आपण बहुधा याच्या उलट करतो. प्रतिष्ठित सावकाराची वा मजुरांची मजुरी बुडविणाऱ्या कंत्राटदाराची देणगी वाजतगाजत घेतो, त्याच्या नावाची फरशी भिंतीत बसवितो, आणि नाचणाऱ्या बाईचे पाकीट परत करतो.

मग दान कधीच नाकारू नये काय? नाकारावे, परंतु तीन प्रसंगी. पैसा दुसऱ्याचा असेल, तर दात्याला सांगावे की, ‘बाबा, आधी ज्याचे त्याला दे.’ देणगीच्या मोबदल्यात आपले तोंड बंद होणार असेल, तर ती घेऊ नये. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या मंडळाने दारूच्या कारखान्याचे साहाय्य घेतले, तर उद्या त्या कारखान्याविरुद्ध ते बोलणार कसे? आणि देणगीदाराला आपल्या मालाची जाहिरात हवी असेल, तर ते दान नसून व्यापार आहे. या तिन्ही प्रसंगी नकार कृतीला आहे. माणसाला नकार देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही.

कारण दान नाकारले की माणसाच्या मनावर काय घाव बसतो, हे आपण जाणत नाही. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण कायमचा याचक करून ठेवतो. २०१८ साली केरळात महापूर आला तेव्हा अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी २१,००० रुपये जमवून सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती दिले. तीन वर्षांपूर्वी चेन्नईच्या पुरासाठीही त्यांनी मदत पाठविली होती. ते वृत्त मी वाचले आणि तेरा वर्षांपूर्वीची ती कचेरी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सरकारी कचेरीने जे घेतले, ते मी देवाच्या घरातून परत पाठविले होते.

मंडळींनो, याचे उत्तर आपल्याच मंडळाच्या रिवाजात आहे. फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनी १८३३ साली पॅरिस येथे हे मंडळ स्थापिले. त्याच्या सभेत गुप्तदानाची झोळी फिरते. प्रत्येक जण मूठ आत घालतो. कोणी नोट टाकली, कोणी नाणे टाकले, कोणाची मूठ रिकामीच होती, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. झोळी कोणाचा धंदा विचारीत नाही, आणि कोणाच्या नावाची फरशीही लावीत नाही. आपल्या महोत्सव निधीने हीच रीत धरावी, अशी माझी विनंती आहे. कोणाच्याही नावाची पाटी नको, सर्वांना सारखीच पावती द्यावी, आणि शंका आली तर एकच प्रश्न विचारावा: हा पैसा दुसऱ्या कोणाचा तर नाही ना?

जुन्या करारात पन्नासाव्या वर्षी महोत्सव साजरा होई, तेव्हा गहाण पडलेली जमीन मूळ धन्याकडे परत जाई. आपल्या पन्नासाव्या वर्षी आपण कोणाला काय परत करणार? मी एका बाईचे दोन हजार रुपये परत केले, आणि त्यांबरोबर तिचा देण्याचा हक्क तिच्यापासून घेतला. तो आता तिला देता येत नाही. म्हणून वहीतील त्या नावापुढचा ‘विचाराधीन’ हा शेरा मी काल स्वहस्ते खोडला व तेथे ‘साभार पोहोचले’ असे लिहिले. समितीने त्यास मान्यता द्यावी, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.