मोठी चौकट, लहान भिंग

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत कोंढा नांवाचें गांव आहे. तेथील एका छायाचित्रकाराची श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. चार हंगाम लग्नांचीं चित्रें लहान सेन्सरच्या, म्हणजे 'क्रॉप' जातीच्या, क्यामेऱ्यावर काढून त्यानें थोडी पुंजी जमविली आहे. आतां 'फुल-फ्रेम' क्यामेरा घ्यावा, असा त्याचा मानस आहे. परंतु पेटींतील जुन्या भिंगांचें काय? पुंजी एका क्यामेऱ्यापुरतीच आहे. भिंगें निरुपयोगी ठरलीं तर पुढचा हंगाम उसनवारींत जाणार.

ह्या प्रश्नाचें मर्म एका वर्तुळांत आहे. भिंगांतून पडणारी प्रतिमा गोल असते आणि काटकोनी सेन्सर त्या वर्तुळांत पुरता मावावा लागतो. १९२५ सालीं बाजारांत आलेल्या जर्मन लायका क्यामेऱ्यानें चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर रुंद फितीवर २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट रूढ केली. तीच आजची फुल-फ्रेम. तिचा कर्ण सुमारें ४३ मिलिमीटर. क्रॉप सेन्सर साधारण १६ बाय २४ चा. त्याचा कर्ण सुमारें २८. मौज अशी कीं, दादासाहेब फाळके ह्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'च्या काळीं मूक चित्रपटाची चौकट सुमारें १८ बाय २४ चीच असे. आज ज्या आकारास 'कापलेला' म्हणून नाक मुरडतात, त्याच्या जवळचा आकार फुल-फ्रेमहून वडील आहे!

मोठें झाकण लहान पातेल्यास झांकतें. लहान झाकण मोठ्या पातेल्यांत पडतें. हाच न्याय येथें लागू होतो. माउंट एकच असेल तर फुल-फ्रेमचें भिंग क्रॉप क्यामेऱ्यावर खुशाल चालतें. प्रतिमेच्या कडा तेवढ्या बाहेर राहतात. म्हणून ५० मिलिमीटरचें भिंग तेथें ७५ च्या भिंगाइतकेंच दृश्य दाखवितें. भिंगाचें नाभीय अंतर मात्र वाढलेलें नसतें.

उलट, क्रॉपचें भिंग फुल-फ्रेमवर चढविलें तर बहुधा कोपरे काळवंडतात. लग्नाच्या समूहचित्रांत कडेला कोण उभें असतें? उशिरा पोंचलेली मावशी, संकोचानें मागें सरलेले आजोबा. तीं माणसें पुन्हां एकत्र येतीलच असें नाहीं.

निकॉनचे फुल-फ्रेम क्यामेरे असें भिंग ओळखून केवळ मधला भाग वापरतात. परंतु २४ मेगापिक्सेलपैकीं सुमारें १० च हातीं उरतात. क्यानॉनचीं 'ईएफ-एस' भिंगें तर त्याच कंपनीच्या आरसा असलेल्या फुल-फ्रेम क्यामेऱ्यांवर बसतच नाहींत. त्यांचा मागचा भाग इतका आंत शिरतो कीं मोठा आरसा त्यावर आदळावा.

तात्पर्य, त्या छायाचित्रकारानें आधीं मोठ्या वर्तुळाचें एक चांगलें भिंग घ्यावें. तें आजच्या क्यामेऱ्यावर चालेल आणि उद्यांच्या, त्याच माउंटच्या, फुल-फ्रेमवरहि चालेल. क्यामेरा पुढच्या हंगामीं घ्यावा. जुना क्यामेरा मात्र मोडीत काढूं नये. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत दूरचा पक्षी टिपतांना २०० मिलिमीटरचें भिंग त्यावर ३०० इतकें दृश्य देईल. आणि मांडवांत मोठ्या चौकटीस मोठें वर्तुळ मिळालें, म्हणजे कडेचे आजोबाहि उजेडांत येतील.