पद सोडले, पक्ष नाही



आपल्याकडे मंडळात मतभेद झाले की पुढच्या वर्षी शेजारच्या गल्लीत दुसरा गणपती बसतो. म्हणून आज आपण ब्रिटनच्या रॉबिन कुक यांची आठवण काढू.

२००३ साली पंतप्रधान टोनी ब्लेअर इराकवर सैन्य धाडायला निघाले होते. कुक त्यांच्याच मजूर पक्षाचे, माजी परराष्ट्रमंत्री. १७ मार्चला त्यांनी मंत्रिपद सोडले आणि सभागृहात उभे राहून कारण सांगितले. जगाची सहमती नाही, देशातल्या जनतेचा पाठिंबा नाही. इराककडे महासंहारक शस्त्रे असतील, हेही त्यांना पटत नव्हते. मात्र याचा फायदा घेऊन ब्लेअरना हटवू पाहणाऱ्यांना त्यांनी साथ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या १३९ खासदारांनी युद्धविरोधी दुरुस्तीला मत दिले. तरी सरकारचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला. युद्ध झाले, ती शस्त्रे सापडलीच नाहीत.

२००५ साली कुक वारले, तेव्हाही ते मजूर पक्षाचेच खासदार होते.

निर्णय पटला नाही तर आपणही पद सोडावे, कारण चारचौघांत सांगावे. पंगतीतून मात्र उठू नये.

गणपती बाप्पा मोरया!