सोवळ्यांतले वायु

रसायनशास्त्रांत एका कुळाचें सोवळें फार कडक मानलें जात असे. हेलियम, निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन हे त्या कुळांतले वायु. ते कोणाशींही संयोग पावत नाहींत, म्हणून पाठ्यपुस्तकांनीं त्यांस निष्क्रिय वायु म्हटलें. कोणी राजवायु म्हणतात.

यांतल्या हेलियमची पहिली चाहूल सूर्यावरून लागली. ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास ग्रहणाची छाया दक्षिण हिंदुस्थानावरून सरकत गेली, तेव्हां पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसला होता. सूर्याच्या कडेवरील ज्वालांत त्याला तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतली एक नारिंगी होती. ती सोडियमची असावी असा समज झाला. त्याच सालीं ऑक्टोबरांत इंग्लंडमध्यें नॉर्मन लॉकियरनें ग्रहणावांचूनच ती रेषा पाहिली, आणि ती सोडियमची नव्हे, नव्या मूलद्रव्याची आहे, असें पुढें ठरलें. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला असें कोंकणांत अभिमानानें सांगतात. लॉकियर विजयदुर्गास आला खरा, पण १८९८ च्या जानेवारींतील ग्रहणासाठीं! गंमत अशी कीं, त्याच १८९८ सालीं लंडनमध्यें रॅमसे व ट्रॅव्हर्स यांनीं द्रवरूप हवेंतून क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन वेगळे केले.

या वायूंचें सोवळें कशामुळें? अणूच्या गाभ्याभोंवतीं इलेक्ट्रॉन थराथरांनीं असतात. बाहेरच्या थरांत आठ इलेक्ट्रॉन असले म्हणजे (हेलियमपुरते दोन) अणूला देण्याघेण्याची निकड उरत नाहीं. मात्र निकड नसणें म्हणजे देतां न येणें नव्हे, आणि हा भेद पुष्कळ वर्षें विसरला गेला. १८९५ सालीं रॅमसेनें पाठविलेला अर्गॉन मॉइसाननें फ्लोरिनशीं जुळवून पाहिला. कांहीं घडलें नाहीं. १९३३ सालीं लायनस पॉलिंगनें झेनॉन व क्रिप्टॉन यांचीं फ्लोराइडें होतील असें भाकित केलें. त्याच सुमारास केलेला प्रयोग फसला. झेनॉन तरी सहज कोठें मिळावा? हवेच्या सुमारें एक कोटी पंधरा लक्ष भागांत त्याचा भाग एक. अपयशानें "निष्क्रिय" हा शब्द अधिकच पक्का झाला, आणि विद्यार्थी तो घोकीत राहिले.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत नील बार्टलेट प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड या तांबड्या वायूवर काम करीत होता. हा वायु इतका आधाशी कीं, प्राणवायूच्या रेणूकडूनहि त्यानें इलेक्ट्रॉन ओढून घेतला. त्या रेणूंतून इलेक्ट्रॉन काढावयास १२.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. बार्टलेटनें तक्ता पाहिला: झेनॉनला १२.१३. फरक नांवापुरता! तक्ता सर्वांच्याच भिंतीवर होता. ता. २३ मार्च १९६२ रोजीं त्यानें दोन्ही वायु एकत्र येऊं दिले, आणि पात्रांत तत्काळ पिवळसर नारिंगी घन पदार्थ जमला. त्याची नेमकी घटना पुढें गुंतागुंतीची ठरली. पण सोवळें मोडलें होतें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील आरगॉन प्रयोगशाळेंत झेनॉन व फ्लोरिन निकेलच्या पात्रांत तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे स्फटिक मिळाले.

झेनॉनच का? त्याचा अणु मोठा. ५४ इलेक्ट्रॉन, थर पांच. बाहेरचा थर गाभ्यापासून दूर आणि आंतल्या थरांच्या आडोशाला, म्हणून त्यावरची पकड सैल. हेलियमचा इलेक्ट्रॉन काढावयास २४.६, म्हणजे दुप्पट शक्ति लागते. शिवाय इलेक्ट्रॉन समूळ द्यावा लागतोच असें नाहीं. झेनॉन डायफ्लोराइडमध्यें झेनॉन मधोमध, दोहों बाजूंस फ्लोरिन, आणि चार इलेक्ट्रॉन तिघांत मिळून वांटलेले. हें संयुग तर कोरड्या कांचपात्रांतील दोन वायु नुसत्या उन्हांत ठेवल्यानेंहि तयार होतें. इतका साधा प्रयोग साठ वर्षें राहून गेला, हें मनाला लागतें.

वर चढावें तसें काम अवघड. क्रिप्टॉनचें फ्लोराइड झालें, पण तें लवकर मोडतें. अर्गॉनचें पहिलें संयुग २००० सालीं हेलसिंकीस, अतिशय थंडींत मिळालें. हेलियम व हायड्रोजन यांचा विद्युद्भारित जोड प्रयोगशाळेंत १९२५ सालींच दिसला होता. अवकाशांत तो २०१९ सालीं, एका तेजोमेघांत, सांपडला. निऑनचें मात्र खऱ्या रासायनिक बंधाचें एकहि स्थिर संयुग अद्याप कोणास करतां आलेलें नाहीं.