स्वकीयांतील झुंज आणि त्यानंतर



अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मुख्यतः पक्षाचे मतदारच प्राथमिक निवडणुकांतून ठरवितात. प्रतिपक्षाशी सामना होण्यापूर्वी स्वकीयांशीच झुंजावे लागते. ती झुंज संपल्यावर पराभूताचे समर्थक विजेत्यामागे उभे राहतात काय, हा खरा प्रश्न आहे.

१९८० साली डेमोक्रॅटिक पक्षात एडवर्ड केनेडी यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनाच आव्हान दिले आणि ऑगस्टमधील अधिवेशनापर्यंत माघार घेतली नाही. मने सांधली गेली नाहीत. नोव्हेंबरमध्ये रोनाल्ड रेगन यांनी ५० पैकी ४४ राज्ये जिंकली. महागाई आणि इराणमधील ओलीस प्रकरण ही कारणे होतीच. पक्षातील दुहीने त्यांत भर घातली.

२००८ मधील बराक ओबामा व हिलरी क्लिंटन यांची लढत तर अधिकच अटीतटीची होती. क्लिंटन यांचे अनेक समर्थक रुष्ट होते. तथापि ७ जूनला क्लिंटन यांनी ओबामांना जाहीर पाठिंबा दिला. २७ जूनला न्यू हॅम्पशायरमधील युनिटी या गावी दोघे एका व्यासपीठावर आले. प्राथमिक निवडणुकीत या गावाने दोघांनाही प्रत्येकी १०७ मते दिली होती! पुढे डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांची निवड एकमुखाने व्हावी, हा प्रस्ताव क्लिंटन यांनीच मांडला. बहुसंख्य समर्थक परतले, ओबामा विजयी झाले आणि २००९ मध्ये क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या.

तात्पर्य, एकजूट आपोआप होत नाही. पराभूताने मन मोठे करावे लागते आणि विजेत्याने त्याचा सन्मान राखावा लागतो. अनुयायी नेत्यांच्या भाषणांपेक्षा त्यांचे आचरण पाहतात.