दुसरी बोली



काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळात बोलण्यासाठी अवघे पंधरा शब्द मिळतात. एक ते सात हे आकडे, चार रंगांची नावे, बिनहुकमी म्हणजे नो-ट्रंप, आणि पास, डबल व रिडबल. एवढ्या तुटपुंज्या भाषेत समोरच्या भिडूला आपली तेरा पाने समजावून सांगावयाची असतात. त्यातही सूर चढवणे, शब्दावर जोर देणे, मुद्दाम थबकणे हे नियमाने निषिद्ध. हल्ली मोठ्या स्पर्धांतून तर तोंडाने बोलतच नाहीत. छापील पत्रे मेजावर मांडतात. नभोवाणीवर बोलणाऱ्या माणसाला ही शिक्षा केवढी वाटत असेल, ते आपण ओळखालच!

पहिली बोली देणे तसे सोपे असते. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. अमेरिकेतील मिल्टन वर्क यांचे नाव या मोजणीला चिकटले असून चार्ल्स गोरेन यांनी १९४९ पासून ती घरोघर पोहोचवली. सगळ्या जोडात मिळून ४० गुण असतात. आपल्या पानांत १३ भरले, की लांब रंगाचे नाव घेऊन 'एक' म्हणावे. पण हीच बोली २० गुणांच्या पानांवरही देतात. म्हणजे तिने नुसती दारावर थाप पडते. आलेला पाहुणा सावकार आहे की उसने मागणारा, ते कळत नाही.

भिडू मग आपला नवा रंग सांगतो. त्याच्याजवळ ६ गुण असतील, कदाचित १६ असतील. म्हणून तुम्हांला पास म्हणता येत नाही, दुसरी बोली द्यावीच लागते. माझ्या मते सबंध खेळातील ही सर्वांत जबाबदारीची बोली होय. कचेरीतही असेच आहे. फाइलीवरचा 'चर्चा करावी' हा पहिला शेरा कोणाला बाधत नाही; दुसऱ्या शेऱ्याला मात्र खर्च चिकटतो.

भिडूच्या रंगाची चार पाने आपल्यापाशी असली, तर फारसा विचार नको. १५ पर्यंत गुण असतील तर त्याच रंगाचे दोन म्हणावे, १६ ते १८ असतील तर तीन, त्याहून अधिक असतील तर चार. खरी अडचण येते ती रंग न जुळल्यास.

असे समजा की, आपणांस इस्पिकचे एकच हलके पान आले आहे. बदामचा राजा, राणी आणि दोन हलकी. चौकटचा एक्का, गुलाम आणि तीन हलकी. किलवरचा राजा व दोन हलकी. गुण १३. आपण 'एक चौकट' म्हणालात, भिडू म्हणाला 'एक इस्पिक'. आता काय म्हणाल?

जीभ वळवळते ती 'दोन बदाम' म्हणण्यासाठी. चार सुरेख बदाम आहेतच ना! परंतु क्षणभर भिडूच्या खुर्चीत बसून पाहा. त्याला बदामपेक्षा चौकट बरी वाटली, तर 'तीन चौकट' म्हणावे लागेल, म्हणजे तेरांपैकी नऊ हात करावयाचे. त्याच्याजवळ सहाच गुण असले, तर दोघांचे मिळून १९. अर्ध्या जोडाइतकेही नाहीत! बोली खोटी नव्हती, रंग खरोखरच होता. पण तिचे बिल भिडूच्या नावावर फाटले. इंग्रजीत या बोलीला 'रिव्हर्स' म्हणतात आणि ती १७ गुणांच्या आसपासच शोभते.

मग उरल्या तीन वाटा, आणि तिन्हींत थोडे खोटे आहेच. 'एक बिनहुकमी' म्हटले, तर भिडू आपणांजवळ निदान दोन इस्पिक धरून चालेल आणि पाच हलक्या इस्पिकांच्या भरवशावर त्याच रंगात परत जाईल. 'दोन चौकट' म्हटले, तर तो सहा पाने समजेल. 'दोन किलवर' म्हटले, तर चार किलवर समजेल, आणि आहेत तीन. जाणत्या खेळाडूंत यावर एकमत नाही, आणि काही जण बिनहुकमीवाचून दुसरे काही ऐकून घेत नाहीत. मी किलवरच्या बाजूचा आहे. खोटे एकाच पानाचे आहे, आणि भिडूला पायरी न चढता 'दोन चौकट'वर परतता येते. 'दोन चौकट' म्हटल्यावर अशी स्वस्त परतीची वाट राहत नाही.

आता याच पानांतील किलवरचे एक हलके पान काढून तेथे एक्का ठेवा. गुण झाले १७. तोच आकार, तोच भिडू, तेच 'एक इस्पिक'. मघाशी जी बोली उधळेपणाची ठरली, तीच 'दोन बदाम' आता योग्य होय. ती ऐकून भिडूला दोन गोष्टी उमगतात: पाने भारी आहेत, आणि चौकट बदामपेक्षा लांब आहे. त्याच्याजवळ अगदी सहाच गुण असले, तरी बेरीज २३ होते, आणि 'तीन चौकट' म्हणताना त्याला आवंढा गिळावा लागत नाही. १० गुण असले, तर २७ झाले. गेमला २५-२६ पुरतात, आणि मग तो मध्येच थांबणार नाही.