बाह्य हार्ड डिस्कची निवड
(नभोवाणीवरील भाषण)



जात्यावरच्या ओव्या म्हणणारी माझी आई आज हयात नाहीं. तिच्या अखेरच्या वर्षांत मीं तिच्या ४१ ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून लॅपटॉपवर उतरविल्या. पुढें लॅपटॉपमधील जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां त्या ओव्या आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांचीं सारीं छायाचित्रें मीं एका बाह्य हार्ड डिस्कवर हलविलीं. ‘हलविलीं’ असें मी म्हणतों. ‘त्यांची नक्कल ठेविली’ असें म्हणत नाहीं. ज्यानें जन्मभर व्याकरणाचे तास घेतले, त्याच्या तरी ध्यानांत या दोन क्रियापदांतील भेद यावयास हवा होता; तो आला नाहीं. एके दिवशीं नातवाचा पाय वायरींत अडकला, चालू डिस्क मेजावरून फरशीवर पडली, आणि आंतून टक्-टक् असा आवाज येऊं लागला. दुरुस्ती करणाऱ्या तरुणानें ती कानाशीं धरली आणि तो म्हणाला, “गुरुजी, आतां ही पुनः लॅपटॉपला लावूं नका. धूळ नसलेल्या खास खोलींतच ही उघडावी लागेल. खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट येईल, आणि तरीहि मजकूर मिळेलच अशी हमी नाहीं.” खर्च केला, हातीं कांहीं लागलें नाहीं. धाकट्या बहिणीनें हौसेनें मागून आपल्या मोबाइलवर घेतलेल्या नऊ ओव्या तेवढ्या उरल्या.

बत्तीस ओव्यांची किंमत देऊन जें शिकलों, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हें. परंतु ज्याला ठेंच लागली आहे त्यानें मागून येणारांस दगड दाखवावा, एवढा अधिकार त्याला असतो.

हार्ड डिस्क म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. ज्यांनीं ग्रामोफोन पाहिला आहे त्यांस ही कल्पना अवघड वाटूं नये. डबींत एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या फिरत असतात. लॅपटॉपला जोडावयाच्या बहुतेक लहान डिस्कमध्यें त्यांचा वेग मिनिटाला सुमारें ५,४०० फेरे असतो. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेंकते. येथील लिहिणारें-वाचणारें शीर्ष मात्र तबकडीला न टेंकतां कांहीं थोड्या नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जातें. माणसाच्या केसाची जाडी या अंतराच्या हजारों पट भरेल. तबकडी फिरत असतां धक्का बसला, कीं शीर्ष तिच्यावर आपटतें आणि तेथील चुंबकीय लेप खरवडून निघतो. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें पहिली हार्ड डिस्क काढली. तिच्या दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांत मिळून सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आज खिशांत राहणाऱ्या पांच टेराबाइटच्या डिस्कमध्यें तिच्या सुमारें दहा लाख पट मजकूर मावतो. सोय मोठी खरी; परंतु एका पडण्यानें होणारी हानीहि तितकीच मोठी.

दुसरा प्रकार एस. एस. डी.चा. हिच्यांत फिरणारें कांहींच नाहीं. मजकूर चिपमधील विद्युत्भाराच्या रूपानें राहतो. त्यामुळें ती धक्क्यानें सहसा बिघडत नाहीं आणि तिचा वेगहि कितीतरी अधिक असतो. तेवढ्याच जागेस किंमत मात्र बरीच जास्त पडते. शिवाय विजेशिवाय दीर्घकाळ पडून राहिल्यास हा भार हळूहळू ओसरतो, आणि उष्णतेनें हें ओसरणें वाढतें. लेखनाची मर्यादा संपेपर्यंत वापरलेल्या घरगुती एस. एस. डी.नें ३० अंश सेल्सिअस तपमानांत विजेशिवाय एक वर्ष मजकूर राखावा, एवढीच अपेक्षा जेडेक या संस्थेच्या मानकांत आहे. नवी एस. एस. डी. याहून पुष्कळ अधिक काळ टिकते, हें खरें. परंतु नागपूर-चंद्रपुराकडच्या वैशाखांत कपाटांतील तपमान ३० अंशांवर थांबत नाहीं, हेंहि खरें. म्हणून ज्यांस रोज पिशवींतून डिस्क न्यावयाची आहे त्यांनीं एस. एस. डी. घ्यावी, घरीं एका जागीं ठेवावयाच्या मोठ्या साठ्यास तबकडीची डिस्क पुरेशी आहे.

“कोणत्या कंपनीची घेऊं?” हा पुढचा प्रश्न. तबकडीच्या डिस्क बनविणाऱ्या कंपन्या आज जगांत तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डबीवर नांव कोणाचेंहि असो, आंतील यंत्र या तिघींपैकीं एकीचें असतें. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याजवळील डिस्कांपैकीं किती बिघडल्या याचे आंकडे २०१३ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. २०२४ सालीं हें प्रमाण शेंकडा सुमारें दीड होतें. मॉडेलागणिक त्यांत फरक पडतो. परंतु कोणत्याहि कंपनीस सर्वस्वीं निर्दोष म्हणतां येत नाहीं. शिवाय त्या डिस्क थंड खोलींत स्थिर बसलेल्या. आपल्या डिस्क एस. टी.च्या फळीवर हिंदकळणाऱ्या. बिघाडाची पूर्वसूचना मिळेल, या भरंवशावरहि राहूं नये. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते व ती संगणकावर पाहतां येते. तथापि २००७ सालीं गूगलच्या संशोधकांनीं केलेल्या अभ्यासांत, बिघडलेल्या डिस्कांपैकीं एकतृतीयांशाहून अधिक डिस्कांच्या नोंदींत कसलेंच चिन्ह दिसलें नव्हतें.

आतां दुकानांत काय पाहावें तें सांगतों. एक टेराबाइटची डिस्क विंडोज संगणकावर ९३१ गीगाबाइटच दाखविते. यांत दुकानदाराची लबाडी नाहीं. कारखाना हजाराच्या पटीनें मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीनें मोजतें, एवढाच हा हिशेबाचा फेर आहे. लॅपटॉपमध्यें जेवढी जागा असेल तिच्या दुप्पट जागेची डिस्क साधारणतः पुरते. जोडणी यू. एस. बी. ३ किंवा पुढची असावी. ५०० गीगाबाइट मजकूर उतरविण्यास तीवर सव्वा तासाच्या आसपास लागतो, जुन्या यू. एस. बी. २ वर त्याच कामास सुमारें चार तास जातात. विंडोज आणि ॲपल अशा दोन्ही प्रकारच्या संगणकांवर लिहावयाचें असेल, तर डिस्कची मांडणी एक्सफॅट पद्धतीची करून घ्यावी.

अलीकडे पुष्कळ लहान डिस्कमध्यें चुंबकीय रेषा छपरावरील कौलांप्रमाणें एकमेकींवर चढवून लिहितात. त्यामुळें जागा वाचते. परंतु मधलें एक कौल बदलावयाचें तर शेजारचींहि हलवावीं लागतात, तसें जुना मजकूर बदलतांना काम मंदावतें. मजकूर नुसता सांठवून ठेवावयाचा असेल तर या मंदपणाचें कांहीं वाटूं नये. रोजचें काम त्याच डिस्कवर करावयाचें असेल तर मात्र तो जाचतो.

क्षुल्लक किमतींत १६ टेराबाइट देऊं करणाऱ्या जाहिरातीस भुलूं नये. अशा डबींत पुष्कळदां लहानसें मेमरी कार्ड असतें आणि तें आपली जागा खोटी सांगतें. खरी जागा भरली, कीं पुढचें लिखाण नाहींसें होतें किंवा मागचें पुसून टाकतें. म्हणून नवी डिस्क रिकामी असतांनाच एकदां पूर्ण भरून परत वाचून पाहावी. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नांवाचा फुकट मिळणारा प्रोग्राम हें काम करतो. एका टेराबाइटला पांच-सहा तास लागतात, ते खुशाल लागूं द्यावे. हमीपत्र अवश्य घ्यावें, परंतु त्याचा अर्थ समजून घ्यावा. कंपनी बिघडलेल्या डबीऐवजीं दुसरी डबी देते. तींत आई पुनः गात नाहीं.

एवढ्या विवेचनावरून निघणारें उत्तर साधें आहे. विश्वासू अशी एकटी डिस्क बाजारांत मिळत नाहीं. विश्वास दुसऱ्या प्रतींत असतो. एक महागडी डिस्क घेण्याऐवजीं त्याच पैशांत दोन साध्या घ्याव्या. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केलेला ‘३-२-१’ हा नियम पाठ करण्याजोगा आहे: मजकुराच्या तीन प्रती, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. वह्या तरल्या, असें भाविक मानतात. अभंग लोकांच्या मुखीं आणि संताजी जगनाड्यांच्या वहींत होते, असेंहि सांगतात. कोणतीहि बाजू घ्या, एकाच वहीवर विसंबूं नये हा बोध दोहोंतून निघतो.

काम झालें, कीं डिस्क रीतीप्रमाणें संगणकापासून सोडवावी आणि मगच वायर काढावी. ती सदैव जोडून ठेवूं नये. लॅपटॉपमध्यें घातक प्रोग्राम शिरला तर जोडलेली प्रतहि त्याच्या तावडींत सांपडते. आणि महिन्यांतून एकदां प्रत उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल न तपासलेल्या उत्तरपत्रिकेसारखी असते. आंत काय आहे, कोण सांगणार?

माझ्या घरीं आतां दोन डिस्क आहेत आणि तिसरी प्रत बहिणीच्या घरीं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी त्या तपासतों. तपासण्यासाठीं एक ओवी लावतों आणि बहुधा नऊहि ऐकून होतात. आपल्या घरींहि अशी एखादी गोष्ट असेल, जिची जगांत एकच प्रत आहे. माझें भाषण संपल्यावर आपण प्रथम ती शोधा, आणि दिवस मावळण्यापूर्वीं तिची दुसरी प्रत करा.